गुरुवारची मिरजेची वेळ

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आई, तुला न विचारता मी गुरुवारी मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे; रागावू नकोस. दिवाळीत तू भडंगाची वाटी बाजूला सारून नुसता दहीभात खाल्लास, तेव्हाच मी खोदून विचारायला हवे होते. "तोंड आलंय, जाईल," एवढ्या शब्दांवर मी पुण्याला निघून आले, हे मनाला लागून राहिले आहे.

तुझ्या दोन्ही गालांच्या आतली पांढरी जाळी म्हणजे बहुधा लायकेन प्लेनस असावा, असे सांगलीच्या दंतवैद्यांनी मला फोनवर सांगितले. यात शरीराच्या संरक्षक पेशी तोंडाच्या अस्तरावरच उलटतात. हा संसर्ग नव्हे, त्यामुळे बाबांपासून पेला वेगळा ठेवणे आधी थांबव. तरीही गालाच्या आतल्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायलाच हवा, कारण मिश्रीनेही तोंडात पांढरे चट्टे येतात आणि ते या जाळीहून नुसत्या नजरेने नेहमी वेगळे ओळखता येत नाहीत. हा विकार असणाऱ्या शंभरांतल्या साधारण एकाला पुढे कर्करोग होतो. हे तुझ्यापासून लपवावेसे वाटले होते. पण उरलेल्या नव्व्याण्णवांत तू आहेस, हे मला वेळोवेळी तपासूनच कळणार आहे. आत्याच्या वेळी झाले तसे मी पुन्हा होऊ देणार नाही.

गाल बधिर करून डाळीएवढाच तुकडा घेतात. लहानपणी माझे तोंड आले की तू बोटाने तूप लावून फुंकर घालायचीस, तशी मी त्या दिवशी तुझ्याजवळच बसेन.

मिश्रीची डबी आजच बाबांकडे दे. कवळी रात्री काढून धुऊन पाण्यात ठेव. कारण पुढे स्टेरॉइडचे मलम दिले, तर तोंडात बुरशी धरण्याची शक्यता वाढते. बाबा, तुम्ही तिच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांची सगळी पाकिटे बरोबर घ्या. काही गोळ्यांनी आणि दाढेत भरलेल्या चांदीनेही असेच चट्टे उठतात, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

मी बुधवारी रात्री पोहोचते. माझ्यासाठी वेगळी तिखट आमटी करू नकोस; तुझ्याबरोबर मऊ भात आणि साधे वरणच खाईन.

तुमची,
सोनी