दोन वर्षांसाठी आलेले पाहुणे

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

पाश्चात्त्य देशांतले मुसलमान तिथल्या समाजात मिसळतात की नाही यावर जी पत्रं छापून येतायत ती वाचतोय. सगळे जण ‘युरोप-अमेरिका’ एका दमात म्हणून मोकळे होतात. अहो पण कोण, कधी, कुठल्या दारातून आत आलं हे बघायला नको का?

जर्मनीचंच घ्या. १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी माणसं आणली, नावच मुळी ‘पाहुणा कामगार’, दोन वर्षांनी परत जायचं अशी अट, पण शिकवून तयार केलेला माणूस घालवून पुन्हा नवा आणायचा हे मालकांनाच परवडेना, मग १९६४ ला अट गेली, लोक राहिले, बायकापोरं आली. नागरिकत्व मात्र रक्तावर ठरायचं, त्यामुळे तिथेच जन्मलेलं, तिथल्याच शाळेत शिकलेलं पोरगं कागदावर परदेशीच. हे बदलायला २००० साल उजाडलं! इतकी वर्षं ज्याला परका म्हटलं तो परक्यासारखा राहतो ही तक्रार मला तरी अजबच वाटते. (कोविड लसवाल्या बायोएनटेकचे उगुर शाहीन, त्यांचे वडील असेच तुर्कस्तानातून येऊन कोलोनला फोर्डच्या कारखान्यात कामाला होते, हे आपलं जाता जाता.)

ब्रिटनमध्ये उलटं. १९४८ च्या कायद्याने कॉमनवेल्थमधल्यांना येऊन राहायचा हक्क होता आणि मतदानाचाही. मंगला धरणात घरं गेलेले पाकव्याप्त काश्मीरातल्या मीरपूरचे कितीतरी लोक ब्रॅडफर्डच्या कापड गिरण्यांत लागले. मत असलं की पक्ष दारात येतात, बस ड्रायव्हरचा मुलगा सादिक खान २०१६ ला लंडनचा महापौर झाला. पण गिरण्या बंद पडल्या, वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, आणि २००१ ला ब्रॅडफर्ड, ओल्डहॅम, बर्नलीत दंगली झाल्याच की. म्हणजे मताने खुर्ची मिळते, शेजार मिळेलच असं नाही.

आणि डोक्यावरचा रुमाल? फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत त्यावर बंदी घातली, तर अमेरिकेत रुमाल बांधणाऱ्या इल्हान ओमर निवडून आल्या म्हणून २०१९ ला तिथल्या संसदेच्या प्रतिनिधीगृहाने डोकं झाकायला मनाई करणारा १८३७ पासूनचा नियम बदलला. त्या सोमालियातून निर्वासित म्हणून आलेल्या, डॉक्टर-इंजिनिअर म्हणून नाही, त्यामुळे ‘अमेरिकेत शिकलेलेच जातात म्हणून जमतं’ हे पण अर्धंच खरं.

धर्माचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही, घरातल्या मुलींवरची बंधनं वगैरे प्रश्न खरेच आहेत. पण धर्म तोच असून चार देशांत चार तऱ्हा दिसतात त्याचं काय करायचं? आणि फ्रान्सच्या जनगणनेत तर धर्म विचारतच नाहीत, त्यामुळे तिथली टक्केवारी कुणी छातीठोकपणे लिहून पाठवली तर छापण्याआधी एवढं विचारा, मोजली कुणी?

आपला,
एक नियमित वाचक