सेमिनरी हिल्सवरचा पालापाचोळा जाळू नका

महोदय,

रविवारच्या गर्दीत नागपूरच्या सेमिनरी हिल्स टेकडीवरचं जंगल दिसतच नाही, म्हणून मी मधल्या वारी एकटीच जाते. परवा बुधवारी जपानी गार्डनच्या वरच्या अंगाला सातभाईंचा थवा सागाची वाळकी पानं चोचीनं उलथून किडे वेचत होता. एकेक पान उचलायचं, बाजूला फेकायचं, वर अखंड कलकलाट! थोडं पुढे त्याच पाचोळ्याचा ढीग कुणीतरी पेटवलेला. शेजारचं कडुनिंबाचं रोप बुडाशी करपलेलं. फार वाईट वाटलं. या मुरमाड टेकडीवर माती आधीच पातळ. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ रखरखीत दिवसांत, तिची ओल हाच पाचोळा धरून ठेवतो. वाटेवरचा पाला झाडांच्या बुंध्याशी सारावा, काडी लावू नये. उन्हाळाभर इथं आगीवर लक्ष ठेवणारा माणूसही हवा.

– एक निवृत्त शिक्षिका, गिट्टीखदान, नागपूर