आधी छताकडे बघ

पुणे,
१४ जुलै

प्रिय शमे,

कोल्हापुरातल्या तुझ्या पोल डान्स स्टुडिओच्या हॉलचे फोटो मिळाले. सतरा पाठवलेस, त्यातल्या सोळांत आरसे, लाकडासारखी दिसणारी जमीन आणि ते गुलाबी दिवे. एका फोटोच्या वेळी तुझा हात हलला, फोन तिरका झाला आणि चुकून छत दिसलं. हे पत्र त्या एका फोटोवरून लिहितेय. फोनवर तू "हो गं, बघते गं" म्हणत मला गुंडाळतेस, म्हणून कागदावर. डिपॉझिट दिलं असशील तर दिलंस, पण भाडेकरारावर शनिवारपर्यंत सही करू नकोस.

ते छत खरं नाही. पीओपी की जिप्सम ते इथून कळत नाही, पण दिवे खाचेत बसवलेत म्हणजे वर वीतभर तरी पोकळी असणार. तू म्हणालीस तो दाबाने बसणारा पोल जमीन आणि छत यांच्यामध्ये जॅकसारखा ताणून बसवतात. भिंतीला भोक नाही, मालकाची कटकट नाही, म्हणून सगळ्यांना तोच आवडतो. पण फॉल्स सीलिंगखाली तो ताणलास तर वरचा बोर्ड हळूहळू उचलला जाईल, तुला वाटेल पोल घट्ट बसला, आणि पहिली मुलगी उलटी झाली की पोल, बोर्ड आणि मुलगी तिन्ही खाली. पोलच्या डोक्याला काँक्रीटच लागायला हवं.

काँक्रीट सापडलं तरी विषय संपत नाही. तुझी इमारत नवी आहे, खाली शोरूम आहे, मधे खांब कमी आहेत. अशा ठिकाणी हल्ली बऱ्याचदा पोस्ट-टेन्शन स्लॅब असतो, आत पोलादी तारा प्रचंड ताण देऊन बांधलेल्या. तिथे पोल बोल्टने बसवायला मिस्त्री "काही होत नाही मॅडम" म्हणत ड्रिल लावायला लागला तर त्याच्या हातातून ड्रिल काढून घे. तार कापली गेली तर प्रश्न तुझ्या स्टुडिओपुरता राहत नाही. इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कुठे भोक पाडायचं, किती खोल, हे लेखी घे. साधा आरसीसी असला तरी अँकर बोल्टची खोली मोजताना गिलावा धरायचा नाही. बोल्टची पकड काँक्रीटमध्येच हवी. आणि वजनाचा हिशेब उभ्या माणसाचा करू नकोस. साठ किलोची मुलगी पोलवर गरकन फिरते, वरून सुटून खाली येऊन थांबते, तेव्हा तो धक्का साठ किलोचा नसतो आणि तो आडवाही लागतो.

आठवतं, सांगलीला मल्लखांबाची बॅच सुरू व्हायच्या आधी सर स्वतः दोरीला लोंबकळायचे? आपल्याला हसू यायचं. एवढं सुटलेलं पोट घेऊन दोन झोके घ्यायचे आणि मान वर करून कान देऊन ऐकायचे. पुरलेल्या मल्लखांबावरच्या पोरांना वरची काळजी नव्हती, आपण दोरीवाल्या. ती दोरी कशाला टांगलीय हे आपण आठ वर्षांत एकदाही पाहिलं नाही. आता पोट सुटो न सुटो, सकाळी लोंबकळायचं काम तुझं आहे.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. आधीच्या जागेत माझे तीन पोल दाबाचे होते. स्लॅब चांगला होता, पाणसळ लावून बसवले होते. दाबाचा पोल कितीही कसलेला असो, रोजच्या हिसक्यांनी थोडा थोडा सैल होतो, म्हणून वरच्या चकतीभोवती मी पेन्सिलने गोल काढून ठेवला होता. चकती सरकली तर रेघ दिसेल, एवढी साधी युक्ती. दुसऱ्या वर्षी एका गुरुवारी संध्याकाळी मधल्या पोलची रेघ दिसली. एका बाजूला बारीक चंद्रकोर, दोन-तीन मिलिमीटरची. मी ती पाहिली, शमे. बाहेर आठ जणी चपला काढत होत्या, पुढची बॅच लगेच होती, पोल कसायची ॲलन की ड्रॉवरमध्ये होती. म्हटलं, क्लास झाल्यावर कसू. वीस मिनिटांनी एक जण वर चढली, पाय अडकवून मागे झुकली, आणि 'कट्ट' असा आवाज आला. पोल पडला नाही, बोटभर कलला फक्त. ती मात्र घाबरून सुटली आणि मॅटच्या कडेवर, अर्धी आत अर्धी बाहेर, पडली. घोट्याला प्लॅस्टर. तीन आठवड्यांनी कुबडी टेकत फी भरायला आली, वर मलाच म्हणाली, "ताई, मीच घाबरले." तिला ती चंद्रकोर माहीत नव्हती. नंतर सांगितली मी तिला. तरीही येते ती.

त्यानंतर माझा नियम झाला: रेघ दिसली की बॅच बंद, फी परत. आणि रोज सकाळी प्रत्येक पोलवर स्वतः चढायचं. आधी हात फिरवून ओरखडा, सांध्याची कड बघायची. मग लटकून हिसका द्यायचा, फिरता पोल असेल तर एकदा फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकायचा, फिरणं बंद करणारा कुलपाचा स्क्रू कसायचा. स्थिर समजून उडी मारली आणि पोल फिरला, की मनगट जातंच. चार पोलना मला बारा मिनिटं लागतात.

पोल कुठून घ्यायचा हे विचारलंस. शिरोलीचा कोणी फॅब्रिकेटर निम्म्या किमतीत करून देतोय म्हणे. मी इथे एकाकडून करून घेतला होता, त्याचं नाव काढत नाही. पाइप चकाकत होता, पण दोन इंची, म्हणजे जवळपास ५१ मिलिमीटर, कारण दुकानात तोच तयार मिळतो. सव्वादोनच्या बांगड्या घालणाऱ्या बायकांची बोटं त्याभोवती पुरती मिटत नाहीत. पकड अर्धी, जोर सगळा मनगटावर. शिवाय वेल्डची कड घासून काढलेली असली तरी मांडीच्या कातडीला ती कळते, डोळ्याला नाही. आज जगभर ४५ मिलिमीटर रूढ झालाय, स्पर्धांतही तोच. ब्रिटनचा एक्स-पोल किंवा स्लोव्हेनियाचा लुपिट घेतलास तर आयातीचा खर्च बसेल, पण सुटे भाग मिळतील आणि किती भार चालेल हे कागदावर लिहिलेलं असेल. सहा स्वस्त घेण्यापेक्षा तीन घे. एका पोलमागे दोघी, एक वर आणि एक खाली बघायला, म्हणजे सहा जणींची बॅच. सुरुवातीला तेवढ्याही येणार नाहीत. आणि दोन पोलमध्ये ऐसपैस अंतर सोड. आडवे झालेले पाय आरशात लहान दिसतात, शेजारणीच्या नाकावर बसतात तेव्हा त्यांची लांबी कळते.

जमीन विसरू नकोस. ती लाकडी दिसणारी चादर खाली टाइल्सवर टाकलेली दिसतेय. पोल जिथे येणार तिथली उचल आणि नाण्याने टाइल वाजवून बघ. बद आवाज आला तर खाली पोकळ आहे, दाबाने तडकेल.

मॅटबद्दल एकच. दहा-बारा सेंटिमीटर जाडीची, मधे चीर असलेली, पोलला सगळीकडून वेढणारी घे. पण मॅट आहे म्हणून मान वाचते असं मुलींना वाटू देऊ नकोस. मॅट ढुंगण आणि गुडघे वाचवते. मान वाचवते ती खाली उभी असलेली बाई, आणि तीही कमरेला, पाठीला धरत असेल तर. घाबरून हात-पाय पकडणारी मदतनीस नसलेली बरी.

आता तेलाचं. ज्या पोरांच्या अंगाला एरंडेलाचा वास मारायचा त्यांच्यासोबत आपण वाढलो. लाकडाला तेल लागायचं, नाहीतर कातडी सोलायची. इथे स्टीलला थेंबही चालत नाही. सकाळी लावलेलं मॉइश्चरायझर संध्याकाळी मांडीवर असतंच. रविवारी डोक्याला खोबरेल थापून आलेली मुलगी उलटी झाली, वेणी पोलला घासली, की तिचं काही होत नाही, पुढची सरकते. म्हणून मी दारावर तसं लिहूनच लावलंय, आणि तरी दर आठवड्याला एक जण "थोडंसंच लावलंय" म्हणते. प्रत्येकीनंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मायक्रोफायबरचं फडकं. ते पेटतं, हे लक्षात ठेव. तुझ्या हॉलच्या कोपऱ्यात गणपती येणार हे मला माहीत आहे. निरांजन आणि उदबत्ती आधी, पुसणं नंतर.

पावसाळ्यात तर पोलच घामेजतो. गेल्या आठवड्यात इथे सकाळी स्टीलवर बोटाने नाव लिहिता येत होतं. मग लोक एसी अठरावर टाकतात, आणि तीही चूक, कारण थंडगार पोलला कोरडी कातडी धरत नाही. मी ड्राय मोडवर सव्वीस ठेवते आणि मुलींना पहिली पाच मिनिटं पोलला मिठी मारून बसायला लावते. हसतात, पण पोल कोमट होतो. खडूची पूड घामट हातांना बरी, कोरड्या हातांना उलटी पडते. पितळेला पकड जास्त, पण त्याचे काळे डाग तुझ्या पांढऱ्या पंचांवर जन्मभर राहतील. आणि फॉर्मवर एक प्रश्न घाल: खोटे कानातले घातले की कान पिकतात का? पिकत असतील तर निकेलची ॲलर्जी असू शकते. क्रोमच्या मुलाम्याखाली निकेल असतं, स्टीलमध्येही असतं. अशांसाठी एक पावडर कोटेड पोल ठेव.

अंगठ्या, कडी, घड्याळ, जोडवी काढायची. मंगळसूत्राला मी जबरदस्ती करत नाही असं आधी म्हणायचे. एकदा वाटी पोल आणि गळपट्टीच्या हाडामध्ये अडकली, तेव्हापासून करते. दाराशी झाकणाचे स्टीलचे डबे आहेत, प्रत्येकीचा वेगळा, मसाल्याच्या डब्यासारखे. घरच्यांना सांगायला सोपं जातं म्हणे, "डब्यात ठेवलंय".

कागदपत्रं थोडक्यात. मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टखाली नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची. उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी. क्लासमध्ये गाणी वाजवायची तर सार्वजनिक वापराचा परवाना लागतो, घरच्या ॲपचं वर्गणीपत्र दाखवून भागत नाही. मुलींकडून संमतिपत्र घे, पण त्यावर विसंबू नकोस. तुझ्या निष्काळजीपणावर त्यांची सही पांघरूण घालत नाही. अपघाताचा विमा घे.

मालकाला काय सांगितलंस? माझ्या मालकांनी 'पोल' म्हटल्यावर पहिलं विचारलं, "परमिट रूम नाही ना?" त्यांनाही काय दोष देणार. आपल्या राज्यात २००५ पासून डान्सबारवर बंदी, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उठवली, २०१६ मध्ये नवा कायदा, २०१९ मध्ये पुन्हा न्यायालय. इतकी वर्षं 'नाच' आणि 'खांब' हे शब्द पोलिसांच्या बातम्यांत ऐकलेले. मी त्यांना सांगितलं, दारू नाही, प्रेक्षक नाही, आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स फेडरेशनला २०१७ मध्ये जागतिक क्रीडासंघटनांच्या शिखर संस्थेने निरीक्षक दर्जा दिला होता. त्याने ते हलले नाहीत. मग म्हटलं, मल्लखांबासारखंच आहे, आणि काका लगेच विरघळले, शिवाजी पार्कच्या आठवणी काढल्या. जागा मिळाली. पण मला ते अजून खुपतं. मल्लखांब आपला आहे, खरा आहे, तरी आज मी जे शिकवते ते क्लबांत उंच टाचा घालून रात्रभर राबणाऱ्या बायकांनी शोधलेलं आहे, आणि त्यांचं नाव न घेता मी सरांचं नाव वापरलं. तुमच्याकडे तर गल्लीत तालीम, लोकांना अंग कमावणं कळतं. तुला कदाचित एवढं वळसे घालून बोलावं लागणार नाही. बघ.

शुक्रवारी रात्रीच्या महालक्ष्मीने निघते, सकाळी तुझ्याकडे. ओळंबा आणि पाणसळ मी आणते. तू दहा फुटी शिडी आणि एक इलेक्ट्रिशियन बघून ठेव. छत फोडायची गरज नाही, त्या खाचेतला एक दिवा काढला की हात आणि टॉर्च आत जातो. वर काय आहे ते पाच मिनिटांत कळेल, मग नाश्त्याला मिसळ कुठे खायची ते तू ठरव.

तुझी,
वृंदा