प्रश्न त्यांना विचारा, मला नको

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात कॅन्सरच्या बातम्या नेहमी वाचते, नवीन मशीन आली, खर्रा (तंबाखू-सुपारी) सोडा, शिबिर झालं, सगळं चांगलंच आहे. पण गळ्याचं ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की तो पुढे बोलतो कसा, जगतो कसा, हे कुठे दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहून राहिली आहे.

आमचे हे कळमना मार्केटला एका अडत्याकडे 26 वर्षं होते, संत्र्याच्या लिलावात बोली पुकारायचे. बिडी होतीच सोबत. 3 वर्षांआधी आवाज बसला तर आम्ही म्हटलं ओरडून बसला असेल, हळदीचं दूध, गुळण्या, यातच दोन महिने गेले. (आवाज 3 आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरला दाखवाच, हे वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते.) स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला आणि पूर्ण स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याला समोर कायमचं छिद्र आहे आणि श्वास तिथूनच घेतात, नाकातोंडातून नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सही घेताना एकच वाक्य सांगितलं होतं, "आवाज जाईल". आम्हाला वाटलं जाईल म्हणजे घोगरा होईल. घरी आल्यावर एका रात्री पलंग हलून राहिला म्हणून मला जाग आली, पाहते तर हे रडत होते. रडण्याला पण आवाज नव्हता. तेव्हा मला खरं समजलं की काय गेलं आहे.

गेलं ते फक्त बोलणं नाही. नाकातून हवाच जात नाही तर वास येत नाही, सावजी रस्सा समोर ठेवला तरी पहिल्यासारखी चव लागत नाही, गॅस लीक झाला तर घरात एकटे असताना कळणार नाही. चहा फुंकून पिता येत नाही. नागपूरचा मे महिना तर विचारूच नका, कोरडी हवा आणि धूळ सरळ छातीत जाते, आतला कफ वाळून खडा होतो, म्हणून गळ्यावर ओला मलमलचा कपडा बांधूनच बाहेर पडतात. लोकांना वाटतं उन्हासाठी दुपट्टा बांधला.

पण सगळ्यात जास्त त्रास होतो तो लोकांच्या वागण्याचा. कुठेही गेलो की समोरचा माझ्याकडे पाहून विचारतो, "काय म्हणून राहिले हे?" अहो ते उभे आहेत ना समोर! कान शाबूत आहेत, डोकं शाबूत आहे, हिशोब आजही तोंडी करतात म्हणजे मनातल्या मनात करतात, आणि मार्केटच्या शेठनं त्यांना काट्यावर वजनं लिहायला परत ठेवलं आहे, त्यांचे उपकार. पण काउंटरवरचा माणूस 10 सेकंद थांबत नाही. एका बँकेनं तर म्हटलं की फोनवर स्वतः बोलून खात्री करा, नाहीतर काम होणार नाही. स्वतः खातेदार समोर बसलेला, आधार कार्ड हातात, सही जुळते, तरी आवाजच पाहिजे!

ऑपरेशननंतर बोलायचे रस्ते आहेत, हे आम्हाला 4 महिन्यांनी दुसऱ्या एका पेशंटकडून कळलं. एक म्हणजे अन्ननलिकेत हवा घेऊन ढेकरासारखी बाहेर सोडत बोलायचं, पैसे लागत नाहीत पण शिकायला महिने जातात. दुसरं गळ्याला टेकवायचं बॅटरीचं मशीन, आवाज मशीनसारखाच येतो, पोरं हसतात. तिसरं म्हणजे श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधात छोटा वॉल्व्ह बसवतात, छिद्रावर अंगठा ठेवला की छातीतली हवा वॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते आणि आवाज निघतो. यांना तो बसवला. पहिला शब्द काय बोलले तर "पाणी", आणि मी स्वयंपाकघरातून धावत आली. वॉल्व्हची कटकट पण आहे, रोज ब्रशनं साफ करा, काही महिन्यांनी चहा पिताना ठसका लागला की समजायचं आता लीक झाला, बदलवा. बाहेरून येणारा वॉल्व्ह महाग पडतो, पण बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी त्या वेळी 50 रुपयांच्या आसपास पडेल असा ऑम नावाचा वॉल्व्ह काढला होता, तसे स्वस्तातले वॉल्व्ह इकडे सगळ्यांना का मिळू नये?

मुलानं वाचून सांगितलं की 1873 मध्ये व्हिएन्नाला बिलरॉथ नावाच्या डॉक्टरनं कॅन्सरसाठी पहिल्यांदा पूर्ण स्वरयंत्र काढलं, तेव्हाच त्याच्या हाताखालच्या डॉक्टरनं त्या पेशंटसाठी बोलायचं यंत्र बनवलं होतं. म्हणजे पहिल्याच ऑपरेशनला हा विचार झाला होता. मग आमच्या वेळी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलायला शिकवणारा, ऑपरेशनच्या आधी का नाही भेटला? बाजूच्या बेडवर गडचिरोलीकडचे एक बाबा होते, त्यांना लिहिता येत नव्हतं, मग लिहून बोलायची पाटी काय कामाची? हे त्यांच्यासाठी वहीत चित्रं काढून द्यायचे, पाण्याचा ग्लास, संडास, दुखणाऱ्या जागेवर फुली. अशी चित्रांची पाटी वॉर्डात छापून ठेवायला किती खर्च येतो?

2016 च्या दिव्यांग कायद्यात वाचा दिव्यांग कोण हे सांगताना लॅरिन्जेक्टॉमीचं, म्हणजे स्वरयंत्र काढायच्या ऑपरेशनचं, नावच लिहिलेलं आहे. तरी सर्टिफिकेटसाठी गेलो तर आधी उत्तर मिळालं, हातपाय तर चांगले आहेत. मुलानं मोबाईलवर कायदा उघडून दाखवला तेव्हा फॉर्म घेतला. ज्याच्याकडे असा मुलगा नाही त्यानं काय करायचं?

आणि एक गोष्ट सगळ्या ॲम्ब्युलन्सवाल्यांनी, दवाखान्यातल्या पोरांनी लक्षात ठेवावी. मागच्या उन्हाळ्यात यांना दम लागला तर तिथल्या पोरानं ऑक्सिजनचा मास्क नाकावर लावला. नाकावर लावून काही फायदा नाही, गळ्यावर लावावा लागतो. मी हातानं ओढून खाली लावला. मी नसती तर?

आमच्या नागपुरात चंद्रपूर, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंट येतात. ज्या कोणत्या दवाखान्यात गळ्याचं ऑपरेशन ठरतं, तिथल्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी पेशंटला एकदा तरी असं ऑपरेशन झालेल्या माणसाशी भेटवावं. हे यायला तयार आहेत, बसचं भाडं आमचं आम्ही देऊ, फक्त सकाळचा काटा असतो म्हणून दुपारी 2 नंतर बोलवा.

आपली,
एक वाचक, पारडी, नागपूर