गलाई कामगारांच्या श्वासासाठी उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

माझे वडील चौतीस वर्षं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं, काम करून गेल्या दिवाळीत सांगली जिल्ह्यातल्या विट्याला कायमचे परतले. दोन जिने चढले की त्यांना बसावं लागतं. त्यांचं कामाचं आयुष्य संपलं. पण त्याच भट्टीवर आता माझा धाकटा भाऊ बसतो. म्हणून हे पत्र.

खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली, शेजारच्या माण-खटावातली आमची माणसं देशभरातल्या सराफ पेठांच्या मागच्या बोळांत जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करतात. हे काम किती मोठं आहे, ते आकड्यांत सांगते.

वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या अंदाजानुसार माणसानं आजवर जमिनीतून काढलेलं सगळं सोनं 2024 अखेर सुमारे 2,16,000 टन भरतं. ते ओतून एकच चौकोनी ठोकळा केला तर त्याची बाजू 22 मीटरच्या आसपास येईल. आमच्या शाळेच्या मैदानावर तो मावला असता. साऱ्या जगात वाटलं तर माणशी तीन तोळेही येत नाही. यातलं दोनतृतीयांश 1950 नंतर निघालं. सोनं गंजत नाही, म्हणून जवळजवळ सगळंच अजून कुठे ना कुठे आहे. आज मोडीत आलेल्या पाटल्यांमध्ये एखाद्या जुन्या होनाचाही अंश असू शकेल.

आता आपल्या देशाचं बघा. कर्नाटकातल्या कोलारच्या खाणींनी सुमारे 120 वर्षांत 800 टनांच्या आसपास सोनं दिलं आणि 2001 मध्ये त्या बंद झाल्या. साधारण तेवढंच सोनं आपण आज एकेका वर्षात बाहेरून आणतो. उलट भारतीय घरांत मिळून 25,000 टनांच्या आसपास सोनं असावं असा अंदाज आहे. म्हणजे तीस कोलार आपल्या कपाटांत आहेत, साहेब. त्यातलं मोडीत निघणारं सोनं पुन्हा वापरात येण्याआधी शुद्ध करावं लागतं, आणि ते काम करणाऱ्यांत आमची माणसं फार मोठ्या संख्येनं आहेत.

ते कसं करतात, हे आपण एकदा डोळ्यांनी पाहावं. मोडीच्या सोन्यात आधी चांदी मिसळतात, इतकी की सोनं साधारण चौथा हिस्सा उरावं. मग त्याचा रवा करून तो नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. चांदी-तांबं विरघळतं, तळाशी सोन्याची तपकिरी भुकटी राहते, आणि भांड्यातून तांबूस-पिवळा धूर उठतो. हा नायट्रोजन डायऑक्साइड. फुप्फुसावर त्याचा परिणाम कधी कधी कित्येक तासांनी जाणवतो, त्यामुळे ‘मला काय होतंय’ म्हणून माणूस तिथेच बसून राहतो. माझ्या वडिलांच्या दहा बाय दहाच्या खोलीत धूर जायला एक खिडकी आणि एक पंखा होता. तोंडाला ओला रुमाल.

मोठ्या रिफायनरीत हाच धूर अल्कलीच्या पाण्यातून धुऊन मग बाहेर सोडतात. छोट्या भट्टीसाठी तसं यंत्र बनवणं अवघड नाही. एकेकट्या गलाईवाल्याला परवडत नाही, एवढंच.

म्हणून विनंती अशी. विट्याला शासनाच्या मदतीनं सामायिक सुविधा केंद्र उभारावं. तिथे छोट्या भट्टीला जोडता येईल असं धूर धुणारं यंत्र तयार व्हावं आणि ते अनुदानावर मिळावं, मग भट्टी केरळात असो की बंगालात. तिथेच गलाईचं प्रशिक्षण आणि सरकारी प्रमाणपत्र मिळावं. परमुलखात पोलिसांनी चोरीच्या मालाची चौकशी केली तर आमच्या पोरांकडे दाखवायला काही तरी असेल. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सोनार आहेत, गलाई नाही. तो समाविष्ट व्हावा म्हणून राज्यानं केंद्राकडे शिफारस करावी. आणि गावी परतलेल्या जुन्या कारागिरांच्या फुप्फुसांची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत व्हावी. ही शेवटची मागणी मात्र लगेच मान्य व्हावी, कारण थांबायला त्यांच्याकडे वेळ नाही.

भाऊ चैत्रात जत्रेला घरी येतो. त्या दिवसांत आमची गावं गलाईवाल्यांनी भरलेली असतात. तेव्हा आपण विट्याला यावं आणि त्यांच्याशी बोलावं.

आपली नम्र,
विट्याच्या एका गलाई कारागिराची मुलगी