शिकागोतच घर घेतोय, त्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की शिकागो शहर कर्जात बुडालंय म्हणतात मग तिथेच घर कशाला, बाहेरच्या नेपरव्हिल उपनगरात का नाही, आणि आईनेही लगेच तुमची री ओढली की तिकडे आपली माणसं आहेत, शाळा चांगल्या आहेत. फोनवर मला नीट सांगता येईना म्हणून लिहितेय. तुमची अख्खी नोकरी नगरपालिकेच्या अकाउंट्सला गेली, त्यामुळे तुम्हाला आकड्यांसकटच सांगते.

इथे पैशाचा विषय निघाला की बोलणं डेलींवर येतंच. दोन डेली, बाप आणि मुलगा, दोघांचंही नाव रिचर्ड. वडील १९५५ पासून १९७६ ला वारले तोपर्यंत मेयर, आणि मुलगा १९८९ ते २०११, सलग २२ वर्षं. आपल्याकडे महापौर अडीच वर्षांचा आणि खरा कारभार आयुक्तांकडे. इथे बजेट मेयरच मांडतो, आणि धाकट्या डेलींच्या काळात तर कौन्सिल, म्हणजे नगरसेवकांची सभा, बहुतेक वेळा हो म्हणूनच मोकळं व्हायचं.

आई, तुला मिलेनियम पार्क आठवतंय ना, तो चकचकीत मोठा गोळा, ज्यात तू पदर सारखा करत स्वतःला बघत होतीस? तो करणारे अनिश कपूर मुंबईत जन्मलेले. आणि पलीकडेच आर्ट इन्स्टिट्यूट, जिथे बाबा १८९३ च्या विवेकानंदांच्या भाषणाची जागा बघून कितीतरी वेळ हलले नव्हते. ते पार्क धाकट्या डेलींचं. आधी तिथे रेल्वेचे रूळ आणि पार्किंग होतं. बजेट १५ कोटी डॉलर्सचं, गेलं साधारण साडेसत्तेचाळीस कोटींवर, आणि चार वर्षं उशिरा २००४ ला उघडलं. बराच पैसा देणगीदारांनी दिला हे खरं, तरी हिशेब म्हणून तुम्ही ती फाइल परतच पाठवली असतीत. पण मी त्या पार्कला वाईट म्हणणार नाही. तिकीट नाही, उन्हाळ्यात फुकट गाण्याचे कार्यक्रम, सगळ्या रंगांची, सगळ्या ऐपतीची माणसं तिथे बसतात. शेजारची कारखान्यांची शहरं ओस पडत होती, डेट्रॉइटने तर २०१३ ला दिवाळखोरी जाहीर केली, आणि त्याच काळात शिकागोच्या डाउनटाउनमध्ये लोक परत राहायला येत होते, झाडं लागत होती. आम्हाला हे शहर आवडलं त्यात त्या माणसाचा वाटा आहे, तो मी नाकारणार नाही.

पण पैसा कुठून आणला ते बघा. २००५ ला स्कायवे हा टोलचा रस्ता ९९ वर्षांसाठी भाड्याने दिला, १८३ कोटी डॉलर्सना. तिथे निदान काही जुनं कर्ज फेडलं. मग २००८ च्या डिसेंबरमध्ये, मंदीत बजेटला भोक पडलेलं असताना, रस्त्यावरचे ३६ हजार पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी एका खाजगी कंपनीला दिले, साधारण ११५ कोटींना, आणि करार जाहीर झाल्यावर दोनच दिवसांत कौन्सिलने ४० विरुद्ध ५ मतांनी पास केला. दोन दिवसांत ७५ वर्षांचा कागद कोण वाचणार बाबा? पुढच्या वर्षी शहराच्याच इन्स्पेक्टर जनरलने, म्हणजे कारभार तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, सांगितलं की जवळजवळ ९७ कोटी कमी मिळाले. आणि आलेला पैसाही राखून ठेवला नाही, दोन-तीन वर्षांत बजेटच्या खड्ड्यात गेला. म्हणजे ऊस लावायच्या आधीच ७५ हंगामांची उचल घेतली आणि खाऊन टाकली. कंपनीचं भांडवल केव्हाच वसूल झालंय, साठेक वर्षांची कमाई अजून बाकी आहे, आणि जत्रेसाठी, दुरुस्तीसाठी रस्ता बंद केला तर बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई शहरच त्यांना देतं. मला याचा खरंच संताप येतो.

तरी मीटरपेक्षाही मोठं दुखणं पेन्शनचं आहे. चार फंड आहेत, पोलीस, फायर ब्रिगेड, ऑफिसचे कर्मचारी आणि मजूर. फंडाला किती पैसे लागतील हे बघून शहराचा हिस्सा ठरतच नव्हता, कर्मचाऱ्याच्या कपातीच्या ठराविक पटीत भरायचा असा राज्याचा कायदा, आणि ती पट कमी पडतेय हे वर्षानुवर्षं दिसत असून कोणी हात घातला नाही. दोष एकट्या डेलींचा नाही, राज्याच्या विधिमंडळाचाही आहे. पण २०१० मध्ये त्यांनीच नेमलेल्या कमिशनने फंड आटतील असा इशारा दिला होता, आणि त्यानंतर साधारण वर्षभरात ते पद सोडून घरी गेले. आज तूट ३५०० कोटी डॉलर्सच्या वर आहे.

बिल पुढच्यांनी भरलं. २०१५ ला मूडीज या पत ठरवणाऱ्या कंपनीने शहराचं रेटिंग पार जंकपर्यंत, म्हणजे कर्ज देणं जोखमीचं अशा पातळीपर्यंत, खाली आणलं, त्याच वर्षी इमॅन्युएल मेयरनी पोलीस आणि फायरच्या पेन्शनसाठी चार वर्षांत मिळून ५४ कोटींची प्रॉपर्टी टॅक्सवाढ आणली. पेन्शन कापायचाही प्रयत्न झाला, पण राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ ला तो कायदा रद्द केला, कारण इलिनॉयच्या राज्यघटनेत पेन्शन कमी करता येणार नाही असं स्पष्ट लिहिलंय.

बाबा, मला तो निकाल बरोबरच वाटतो. इथल्या बऱ्याचशा महापालिका कर्मचाऱ्यांना सोशल सिक्युरिटी, म्हणजे केंद्र सरकारची म्हातारपणाची पेन्शन, मिळत नाही, पेन्शन हाच त्यांचा आधार. आमच्या भाड्याच्या घराखाली राहणारे आजोबा शहराच्या पाणी खात्यातून रिटायर झालेत, बर्फ पडला की आमचाही जिना साफ करून ठेवतात. त्यांनी पगारातून दर महिन्याला आपला हिस्सा भरला, पैसे कमी पडले ते शहराच्या बाजूने. तुमची पेन्शन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आली नाही की आई देवापुढे दिवा लावताना काय पुटपुटायची ते मी ऐकलंय, त्यामुळे टॅक्स वाढतो म्हणून शहर सोडून नेपरव्हिलला जायचं आणि नोकरी, पार्क, तळं, लोकल ट्रेन सगळं मात्र शहराचंच वापरायचं हे मला पटत नाही. आम्ही दोघांनी बोलून ठरवलंय, टॅक्स आणखी वाढेल असं धरूनच बजेट केलंय, बँक देतेय त्यापेक्षा कमी लोन घेतोय. आई, शाळाही बघून आलेय, चालत जाण्यासारखी आहे, आणि मंडळाच्या गणपतीला गाडीने जाऊच.

बाबा, घराच्या मागच्या तीन वर्षांच्या टॅक्स बिलांचे फोटो व्हॉट्सॅपवर टाकलेत, वर्षातून दोन हप्ते असतात. शाळेचा, काउंटीचा, शहराचा वाटा वेगवेगळा लिहिलाय, तो जरा तुमच्या नजरेखालून घाला आणि कुठे काही खटकलं तर शुक्रवारच्या आत सांगा, ऑफर तेव्हा द्यायची आहे.

तुमची,
मनू