सर्जाचं वजन

सांगली

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. सर्जाचे फोटो पाहिले. अंगावर काय तकाकी आहे, आणि डोळे तर अगदी सोनेरी! पण 'खात्यापित्या घरचा दिसतो' असं तू कौतुकानं लिहिलंस, तिथे मी थांबलो. सात वर्षांचा, नसबंदी झालेला बर्मीज बोका, दिवसभर घरात, ड्राय फूडचं वाडगं कायम भरलेलं आणि वजन साडेसहा किलो. जनावरांचा डॉक्टर आणि तुझा मित्र, दोन्ही नात्यांनी मला काळजी वाटली, ती मधुमेहाची. पत्र लांबेल, पण वाच.

मांजरांना होणारा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप टूसारखाच असतो, तुझ्या बाबांना होता तसा. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन काढत राहतं आणि शेवटी थकतं. इन्सुलिन काढणाऱ्या त्याच्या पेशींतूनच अमायलिन नावाचं आणखी एक संप्रेरक येतं. माणसांत आणि मांजरांत त्याची घडणच अशी, की ते पेशींभोवती साचतं आणि त्या मरू लागतात. कुत्र्यांत ते असं साचत नाही, आणि त्यांचा मधुमेहही वेगळ्या जातीचा.

आता सर्जाच्या घराण्याबद्दल. बर्मीज मांजरांची वंशावळ वाँग माऊ नावाच्या मांजरीपर्यंत जाते. १९३० साली तिला बर्माहून सॅन फ्रान्सिस्कोला आणलं होतं. पुढे अमेरिकेतली आणि ब्रिटन-ऑस्ट्रेलियातली बर्मीज वेगवेगळ्या वाटांनी वाढली, आणि मधुमेहाची ओढ दिसते ती तुमच्याकडच्या, म्हणजे ब्रिटन-ऑस्ट्रेलियाच्या वाटेत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये साधारण ५० बर्मीजमागे एकाला मधुमेह असतो. एरवी हे प्रमाण २०० मांजरांमागे एक असं आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली विमा उतरवलेल्या मांजरांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यातही बर्मीजना धोका साडेतीन पटींहून जास्त निघाला. यामागे एकच एक जनुक आहे असं नाही. साध्या, बिनजातिवंत मांजरांतही रक्ताचा, म्हणजे आनुवंशिकतेचा, भाग असतोच: लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजातल्या संशोधनात लठ्ठ मधुमेही मांजरांमध्ये भुकेशी संबंधित एमसी४आर या जनुकातला एक बदल जास्त आढळला.

पण मला तुला सांगायचंय ते वेगळंच. रक्तातला दोष आणि वजन यांची नुसती बेरीज होत नाही. तुझ्याच ब्रिस्बेनला, क्वीन्सलंड विद्यापीठात जॅकी रँड यांच्या गटानं सडपातळ मांजरांना पोटभर खाऊ घालून पाहिलं. दहा महिन्यांत वजनं सरासरी ४४ टक्क्यांनी वाढली आणि इन्सुलिनचा परिणाम जवळपास निम्म्यावर आला. त्यात सगळ्यात जास्त कोण ढासळलं? जी मांजरं बारीक असतानाच इन्सुलिनला कमी दाद देत होती, ती. दुसरं मांजर जेवढी चरबी पचवून नेईल, तेवढी सर्जाला कदाचित झेपणार नाही. त्यात तो बोका, आणि नसबंदीनंतर शरीराची गरज घटते पण भूक वाढते. लठ्ठ मांजराला मधुमेहाचा धोका सुमारे चौपट धरतात. रक्त काही आपण बदलू शकत नाही. वाडगं मात्र तुझ्या हातात आहे.

म्हणून ते भरलेलं वाडगं आधी उचल. दिवसाचं खाणं काट्यावर मोजून तीन-चार वेळा दे, आणि डॉक्टरांशी बोलून हळूहळू वेट फूडवर आण. त्यात प्रथिनं जास्त, पिष्ट कमी. घाई मात्र मुळीच करू नकोस. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी भरते आणि ते जिवावर बेतू शकतं. आठवड्याला वजनाच्या एक टक्का, म्हणजे सर्जाचे ६५ ग्रॅम, एवढंच उतरू दे. पाच किलोपर्यंत यायला सहा महिने लागतील, लागू देत. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत.

आणखी एक. खाज किंवा दमा म्हणून कुणी दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, तर 'हा बर्मीज आहे, जाड आहे, दुसरा उपाय आहे का?' असं आवर्जून विचार. स्टेरॉइडनं अशा मांजराची शुगर उसळते.

पाणी फार पिऊ लागला, लिटर-बॉक्समधले ओले गोळे मोठे झाले, खाऊनही वाळू लागला किंवा मागचे पाय टाचेवर टेकून चालू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. दवाखान्यात घाबरून मांजराची साखर तशीही वाढते, म्हणून एका आकड्यावर विसंबू नका. फ्रुक्टोसामिनची तपासणी मागा, तिच्यात गेल्या काही दिवसांची सरासरी साखर कळते. आणि समजा निघालाच मधुमेह, तरी हातपाय गाळू नकोस. लवकर इन्सुलिन सुरू झालं, आहार बदलला, तर बरीच मांजरं पुढे इन्सुलिनशिवाय राहतात. माणसांत हे इतक्या सहज होत नाही.

या रविवारी त्याला घेऊन वजनकाट्यावर उभा राहा, मग तुझं एकट्याचं वजन वजा कर आणि आकडा मला कळव. वरून आणि बाजूनं काढलेला एकेक फोटोही पाठव. नीतावहिनींना नमस्कार सांग, आणि सर्जाला लपूनछपून चीज कोण देतं तेही त्यांना विचार.

तुझा,
सुधीर